नील सायमन : लोकप्रियता, हशा आणि नाट्यमूल्य

विनोदी नाटककाराविषयी लिहिताना टीकाकाराची लेखणी थोडी संकोचते, असा अनुभव बहुतेक सर्व वाङ्मयांत येतो. शोकनाट्याची चर्चा करताना कथानकाची घडण, स्वभावरेखन, संघर्ष आणि जीवनदर्शन यांचा ज्या गांभीर्याने विचार होतो, त्या गांभीर्याने प्रहसनाचा विचार क्वचितच होतो. प्रेक्षक हसले, नाटक चालले, नाटककाराला द्रव्यलाभ झाला, एवढ्यावर त्याचा हिशेब पुरा झाला असे आपण मानतो. नाटक जितके अधिक चालावे तितके वाङ्मयाच्या दरबारातील त्याचे आसन मागे सरकावे, असा एक अलिखित नियमच होऊन बसला आहे. अमेरिकन नाटककार नील सायमन (१९२७–२०१८) हा या नियमाचा बळी म्हणावा की अपवाद म्हणावा, याचा निर्णय करणे सोपे नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या व्यावसायिक रंगभूमीवर त्याच्याइतके सातत्याचे यश विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्वचितच कोणा नाटककाराला लाभले असेल. १९६६ च्या अखेरीस त्याची चार नाट्यकृत्ये एकाच वेळी तेथे चालू होती. १९८३ मध्ये तर तेथील एका नाट्यगृहाला त्याच्या हयातीतच त्याचे नाव देण्यात आले. आणि तरीही त्याच्या नावापुढे ‘नाटककार’ हा शब्द लिहिताना अनेक टीकाकार अडखळत राहिले.

१९९१ साली ‘लॉस्ट इन याँकर्स’ या नाटकास पुलित्झर पारितोषिक मिळाले, तेव्हा ही अडखळ संपली असे सांगितले जाते. तीस वर्षे लोकांना हसवल्यावर सायमन अखेर गंभीर झाला, आणि गंभीर झाल्यावर थोर झाला, अशी त्याच्या कारकीर्दीची कथा सामान्यतः रचली जाते. प्रस्तुत लेखात आम्हांला या कथेचाच विचार कर्तव्य आहे. ती खरी असेल, तर विनोदाला स्वतःचे असे मूल्य नाही आणि करुणेच्या उसन्या तेजानेच तो उजळतो, असे कबूल करावे लागेल. ती खरी नसेल, तर सायमनच्या पूर्वीच्या नाटकांकडे, आणि त्या निमित्ताने एकंदर विनोदी नाट्याकडे, आपल्याला निराळ्या दृष्टीने पाहावे लागेल.

प्रथम चरित्राचा आवश्यक तेवढा भाग पाहू. सायमनचा जन्म ४ जुलै १९२७ रोजी न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण वॉशिंग्टन हाइट्स या वस्तीत गेले. वडील तयार कपड्यांच्या धंद्यात विक्रेते होते. काळ जागतिक मंदीचा, घरात पैशाची ओढ, आणि त्यातच वडील वारंवार घर सोडून जात आणि पुन्हा परत येत. आईवडिलांच्या या तुटत्या-जुळत्या संसारात मुलांना काही काळ नातेवाइकांच्या आश्रयालाही राहावे लागले. चार्ली चॅप्लिनचे चित्रपट पाहताना मोठमोठ्याने हसणे, हा त्या मुलाचा विसावा होता. एका छपराखाली राहू न शकणारी आणि तरी एकमेकांवाचून ज्यांचे चालत नाही अशी दोन माणसे हा सायमनच्या नाटकांचा जणू मूळ स्वर आहे. तो त्याने पुस्तकांतून उचललेला नाही. लहानपणी भिंतीपलीकडून ऐकलेला आहे.

त्याचा वडील बंधू डॅनी हा त्याचा पहिला गुरू. सैन्यातील अल्पकालीन नोकरीनंतर दोघा भावांनी मिळून प्रथम रेडिओसाठी आणि नंतर दूरचित्रवाणीसाठी विनोदी लेखन सुरू केले. १९५० नंतरच्या दशकात सिड सीझर या नटाच्या कार्यक्रमासाठी लिहिणाऱ्या लेखकमंडळात सायमन होता. मेल ब्रुक्स, कार्ल रायनर यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले विनोदकार त्याच खोलीत बसत. एका खोलीत अनेक बुद्धिमान माणसे एकमेकांवर ओरडत आहेत, प्रत्येकाला आपलेच वाक्य पुढे रेटायचे आहे, आणि आठवड्याच्या शेवटी कार्यक्रम उभा राहिलाच पाहिजे, अशी ती कार्यशाळा होती. पुढे १९९३ साली ‘लाफ्टर ऑन द ट्वेंटी-थर्ड फ्लोअर’ या नाटकात सायमनने तिचे चित्र रंगवले.

या उमेदवारीने सायमनला दोन गोष्टी दिल्या. त्यांतील एक वरदान होती व दुसरी ऋण. वरदान म्हणजे कान. कोणते वाक्य किती अक्षरांनी लांब झाले म्हणजे हशा मरतो, आणि कोणता शब्द वाक्याच्या शेवटी आला म्हणजे तो फुटतो, याचे त्याचे ज्ञान गवयाच्या स्वरज्ञानासारखे होते. ऋण म्हणजे सवय. दर काही क्षणांनी हशा पिकलाच पाहिजे ही दूरचित्रवाणीची अट त्याच्या अंगवळणी पडली. त्याच्यावर पुढे जे आक्षेप घेतले गेले, त्यांतील बहुतेकांचे मूळ या सवयीत आहे.

त्याचे पहिले ब्रॉडवे नाटक ‘कम ब्लो युवर हॉर्न’ १९६१ साली रंगभूमीवर आले. ते लिहिण्यास त्याला दीर्घ काळ लागला, आणि मूळ संहिता त्याने पुनःपुन्हा नव्याने लिहिली. आपल्या आत्मकथनाच्या पहिल्या खंडास त्याने १९९६ साली ‘रीराइट्स’, म्हणजे ‘पुनर्लेखने’, हेच नाव दिले यात त्याच्या कारागिरीचे सार आले आहे. त्यानंतर १९६३ साली ‘बेअरफूट इन द पार्क’ आले आणि त्याचे १५३० प्रयोग झाले.

या दुसऱ्या नाटकाचे कथानक सांगायला चार वाक्ये पुरतात. पॉल हा तरुण वकील आणि कोरी ही त्याची नवविवाहित पत्नी पाचव्या मजल्यावरील एका रिकाम्या, गारठलेल्या जागेत संसार मांडतात. इमारतीला उद्वाहक नाही. कोरी उत्साही व बेफिकीर, पॉल जपून पाऊल टाकणारा. थोड्याच दिवसांच्या संसारानंतर दोघांचे कडाक्याचे भांडण होते आणि शेवटी समेट घडतो. एवढ्या सामग्रीवर उभे राहिलेले नाटक उथळ असणार, असे वाचकास वाटेल. पण त्यातील जिन्याचा उपयोग पाहावा. तो जिना प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. जो कोणी आत येतो, मग तो टेलिफोन जोडणारा असो, सामान पोचवणारा असो, कोरीची आई असो की खुद्द पॉल असो, धापा टाकत येतो. परंतु प्रत्येकाच्या धापेत त्याचा स्वभाव असतो. एकाला संकोच वाटतो, दुसऱ्याला बोलवतच नाही, आई आपली दमणूक लपवू पाहते, पॉलच्या धापेत तक्रार असते. विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ व स्वभावनिष्ठ असे जे प्रकार आपण वर्गात शिकवतो, त्यांच्या सीमारेषा येथे पुसल्या जातात. प्रसंग एकच, पण माणूस बदलला की हशाचा अर्थ बदलतो. न दिसणाऱ्या जिन्यातून इतके काम करून घेणारा लेखक केवळ वाक्ये जुळवणारा नव्हे.

तथापि, सायमनच्या पूर्वार्धातील श्रेष्ठ कृती कोणती असा प्रश्न केला, तर १९६५ च्या ‘द ऑड कपल’ या नाटकाचेच नाव घ्यावे लागेल. घटस्फोटानंतर डॅनी आपल्या एका मित्रासह राहत होता, त्या वास्तव घटनेतून या नाटकाची कल्पना निघाली. ऑस्कर मॅडिसन हा क्रीडावार्ताहर. गबाळा, उधळा, पत्नीने सोडलेला. त्याच्याकडे दर आठवड्याला मित्रांचा पत्त्यांचा डाव जमतो. त्यांतील फेलिक्स उंगर यास त्याच्या पत्नीने घराबाहेर काढले आहे. ऑस्कर त्याला आसरा देतो. फेलिक्स हा टापटिपीचा इतका भोक्ता की काही आठवड्यांतच ऑस्करला आपल्याच घरात श्वास घेणे कठीण होते. ज्या कारणांसाठी दोघांचे विवाह मोडले, नेमक्या त्याच कारणांसाठी हा दुसरा संसारही मोडतो.

या नाटकाचा पहिला अंक बारकाईने अभ्यासण्यासारखा आहे. फेलिक्स येण्यापूर्वीच त्याच्या मित्रांना बातमी कळली आहे, आणि तो जिवाचे काही बरेवाईट करील अशी त्यांना धास्ती वाटते. तो आल्यावर ते सारे काहीच घडले नाही असे सोंग करतात. तो खिडकीकडे गेला की पाच पुरुष दचकतात. तो न्हाणीघरात गेला की दाराबाहेर कान लावून उभे राहतात. प्रेक्षागृहात हशांवर हशे होतात, परंतु त्या हशाचा आधार काय? एका माणसाच्या मृत्यूचे भय. ते भय काढून टाकले तर त्या अंकातील एकही हशा शिल्लक राहणार नाही. दुसऱ्या अंकात ऑस्करने त्याच इमारतीतील पिजन भगिनींना भोजनास बोलावले आहे. ऑस्कर पेये आणण्यास आत जातो. एकटा सापडलेला फेलिक्स आपल्या दुरावलेल्या पत्नीची व मुलांची छायाचित्रे दाखवू लागतो, त्याला रडू कोसळते, आणि त्याच्याबरोबर त्या दोघीही आपापली दुःखे आठवून रडू लागतात. मोठ्या आशेने ऑस्कर बाहेर येतो, तो तिघेही मुसमुसत आहेत! या प्रवेशात विनोद कोठे संपतो आणि कारुण्य कोठे सुरू होते, ते आम्हांला सांगता येत नाही. सांगता येत नाही यातच त्या प्रवेशाची थोरवी आहे. १९६५ चा सायमन केवळ हसवणारा होता आणि १९९१ चा सायमन गंभीर झाला, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रवेश पुन्हा एकदा वाचावा.

नाटकाच्या तिसऱ्या अंकासंबंधी एक हकीकत टीकाकारांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. न्यूयॉर्कला येण्यापूर्वी नाटकाचे प्रयोग बॉस्टन येथे चालू असताना तो अंक काही केल्या जमत नव्हता. एलियट नॉर्टन या तेथील समीक्षकाने, तिसऱ्या अंकात आपल्याला पिजन भगिनींची उणीव भासली, असे मत मांडले. सायमनने ते मानले, त्या दोघींना परत आणले, आणि अंक सावरला. घराबाहेर काढलेला फेलिक्स त्यांच्याच घरी आश्रयास जातो, ही गमतीची कलाटणी त्यातून साधली. समीक्षा ही निर्मितीची वैरीण नव्हे. तिच्यात नेमकेपणा असेल तर ती निर्मितीच्या उपयोगी पडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण नाट्येतिहासात विरळा. नॉर्टनने विनोदाच्या तात्त्विक दर्जाची चर्चा केली नाही. रचनेत कोठे पोकळी आहे तेवढे दाखवले.

शेवटही पाहण्यासारखा आहे. फेलिक्स निघून गेल्यावर पत्त्यांचा डाव पुन्हा बसतो, आणि आजवर सिगारेटची राख कोठेही झाडणारा ऑस्कर मित्रांना घर स्वच्छ ठेवण्याबद्दल बजावतो. प्रेक्षक हसतात. पण नाटकाचा सारा आशय त्या एका बारीक कृतीत आला आहे. दोन माणसे एकत्र राहू शकली नाहीत; तरी एकाने दुसऱ्यावर ठसा उमटवला. येथे कोणी कोणाला मिठी मारत नाही, कोणी पश्चात्ताप उच्चारत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. सायमनवरील पहिला व सर्वांत सबळ आक्षेप असा की त्याची सर्व पात्रे सारखीच हजरजबाबी असतात. पोलीस असो, गृहिणी असो, वृद्ध नट असो, प्रत्येकाच्या तोंडी तयार कोटी असते, आणि ती त्या पात्राची नसून लेखकाची आहे असे वाटते. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. १९६६ मधील ‘द स्टार-स्पँगल्ड गर्ल’ या नाटकात तर कोट्यांवाचून दुसरे काहीच नाही. या वर्षी लेखकास नाटकाची कल्पना सुचली नाही, तरी त्याने नाटक लिहिलेच, अशा आशयाचा वॉल्टर केर या समीक्षकाचा शेरा प्रसिद्ध आहे, आणि तो अन्यायाचा नाही. दुसरा आक्षेप असा की कथानकाने कठोर होण्याची वेळ आली म्हणजे सायमन पाऊल मागे घेतो. १९७० च्या ‘द जिंजरब्रेड लेडी’ या नाटकाची नायिका ही मद्याच्या आहारी गेलेली गायिका आहे. बॉस्टन येथील प्रयोगांच्या वेळी हे नाटक बंद पडण्याच्या बेतात आले होते. तेव्हा सायमनने त्याचे पुनर्लेखन केले आणि शेवटास आशेची किनार लावली. ज्या पुनर्लेखनाने ‘द ऑड कपल’ तारले, त्याच पुनर्लेखनाने येथे नाटकाची धार बोथट केली. प्रेक्षकांचे ऐकणे हा व्यावसायिक नाटककाराचा गुण खरा. परंतु रचनेची चूक सुधारण्यासाठी ऐकणे वेगळे आणि सत्य सौम्य करण्यासाठी ऐकणे वेगळे. हा भेद सायमनने सर्वत्र पाळला, असे त्याच्या चाहत्यांनाही म्हणता येणार नाही.

परंतु याच दोषांचे त्याने कधी कधी गुणांत रूपांतर केले, हेही सांगितले पाहिजे. १९७२ च्या ‘द सनशाइन बॉईज’ मधील विली क्लार्क व अल् ल्युईस हे दोघे वृद्ध विनोदी नट. त्रेचाळीस वर्षे त्यांनी जोडीने काम केले आणि गेली अकरा वर्षे एकमेकांशी शब्दही बोललेले नाहीत. विलीचा पुतण्या त्यांना दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमासाठी एकत्र आणू पाहतो. येथे दोघेही सतत कोट्या करतात, पण त्या लेखकाच्या राहत नाहीत. कारण कोटी हाच या माणसांचा धंदा आणि तोच त्यांचा श्वास आहे. कोणत्या व्यंजनाने आरंभ होणारा शब्द हास्यकारक असतो, याविषयी विलीचे ठाम सिद्धांत आहेत. आपल्या औषधांची नावे त्याला आठवत नाहीत, पण हशाचे व्याकरण मुखोद्गत आहे. दोघांची तालीम कशावरून मोडते? तर ठरलेल्या शब्दाऐवजी दुसरा शब्द वापरून पाहुण्याला आत बोलावले यावरून, आणि बोलताना ल्युईस आपले बोट विलीच्या छातीत खुपसतो यावरून. प्रेक्षकाला ते भांडण क्षुल्लक वाटते, त्या दोघांना मात्र सारे आयुष्य पणाला लागल्यासारखे वाटते. अखेरीस विलीला हृदयविकाराचा झटका येतो, आणि ज्या वृद्ध नटांच्या निवासात त्याला जावे लागणार तेथेच ल्युईसही राहावयास जात आहे असे कळते. ज्याच्यापासून सुटका हवी त्याच्याच सहवासात आयुष्याचा शेवट! हा ‘द ऑड कपल’ चाच विषय आहे, पण आता त्यावर सायंकाळची छाया पडली आहे. आमच्या मते सायमनची ही सर्वांत निर्दोष कृती होय.

१९७३ साली सायमनची पत्नी जोन कर्करोगाने निवर्तली. त्याच वर्षी त्याने चेकॉव्हच्या कथांवर आधारलेले ‘द गुड डॉक्टर’ लिहिले. हसणे आणि विषण्ण होणे या दोन क्रिया वेगळ्या न मानणाऱ्या लेखकाकडे तो अशा वेळी वळला, हे अर्थपूर्ण आहे. पुढल्या वर्षी बायबलमधील ईयोबाच्या कथेवर त्याने ‘गॉड्स फेव्हरिट’ हे नाटक रचले. पण निरपराध माणसावर दुःखे का कोसळतात हा प्रश्न प्रहसनाच्या चौकटीत मावला नाही आणि नाटक पडले. १९७७ च्या ‘चॅप्टर टू’ मध्ये पत्नीवियोगानंतर घाईने दुसरा विवाह करणाऱ्या लेखकाची कथा आहे. सायमनने स्वतः १९७३ मध्येच मार्शा मेसन या नटीशी विवाह केला होता. या नाटकाच्या उत्तरार्धात नायकाला पुन्हा सुखी होण्याचीच लाज वाटते. हे दुःख कोट्यांनी झाकण्याचा तो प्रयत्न करतो, आणि ते झाकणे हाच नाट्यविषय होतो. आपल्या सवयीकडे नाटककाराने असे तटस्थपणे पाहावे, ही त्याच्या पुढील प्रवासाची पूर्वतयारी होती.

तो प्रवास म्हणजे तीन आत्मचरित्रपर नाटके : ‘ब्रायटन बीच मेम्वार्स’ (१९८३), ‘बिलॉक्सी ब्लूज’ (१९८५) आणि ‘ब्रॉडवे बाउंड’ (१९८६). तिन्हींत यूजीन जेरोम हा नायक आहे. तो प्रेक्षकांशी सरळ बोलतो, आणि त्याला लेखक व्हायचे आहे. पहिल्या नाटकाचा काळ १९३७ चा. ब्रुकलिनमधील एका लहान घरात दोन कुटुंबांतील सात माणसे राहतात. भयंकर रोगांची नावे घरातील मोठी माणसे कुजबुजूनच उच्चारतात, यावर यूजीन थट्टा करतो. मुलाच्या दृष्टीला जे हास्यास्पद दिसते, त्यामागे किती मृत्यू आणि किती भीती दडली आहे, ते प्रौढ प्रेक्षकाला कळते. नाटकाच्या अखेरीस पोलंडमधून निसटलेले नातेवाईक येत असल्याची वार्ता येते. आधीच भरलेल्या घरात त्यांना कोठे झोपवायचे, याचा विचार सारे कुटुंब करू लागते. इतिहासाचे एवढे मोठे संकट अंथरुणांच्या हिशेबातून दाखवणे हे विनोदी नाटककारालाच सुचावे.

‘बिलॉक्सी ब्लूज’ मध्ये यूजीन लष्करी छावणीत आहे. सोबत्यांविषयीची आपली मते तो वहीत टिपून ठेवतो. एके दिवशी ती वही दुसऱ्याच्या हाती पडते आणि मोठ्याने वाचली जाते. एपस्टाइन या सोबत्याविषयी त्याने केवळ तर्काने लिहिलेले एक वाक्य सर्वांना सत्य वाटते, कारण ते लिहिलेले आहे. लेखणीची सत्ता किती आणि तिची जबाबदारी केवढी, हे त्या मुलाला तेथे कळते. ‘ब्रॉडवे बाउंड’ मध्ये यूजीन व त्याचा भाऊ रेडिओसाठी एक विनोदी प्रवेश लिहितात. सारे घर तो ऐकायला बसते. त्या प्रवेशातील बाप आपणच, हे वडील ओळखतात, आणि आपल्या घरची लक्तरे चार लोकांत मांडल्याबद्दल त्यांना संताप येतो. त्या संतापात अन्याय आहे, आणि न्यायही आहे. आपण ज्यांच्यावर हसतो त्यांचे आपण काय देणे लागतो? पंचवीस वर्षे स्वतःच्या भावाला, पत्नीला, आईवडिलांना रंगमंचावर आणणाऱ्या लेखकाने स्वतःवर भरलेला हा खटला आहे, आणि त्याचा निकाल तो देत नाही. याच नाटकात आई आपल्या तारुण्यातील एका नृत्याची आठवण सांगते व यूजीन तिच्याबरोबर नाचतो. त्या प्रवेशात हशे फारसे नाहीत, आणि ते नसल्याची उणीवही भासत नाही.

‘लॉस्ट इन याँकर्स’ ची गोष्ट १९४२ मधील. कर्जात बुडालेला एडी आपल्या दोन मुलांना वृद्ध आईच्या घरी ठेवून कामासाठी दूर जातो. ही आजी मूळची जर्मनीची. बालपणी बर्लिनमध्ये तिचे पाऊल चिरडले गेले आहे. तिने स्वतः रडणे सोडले आणि मुलांनाही रडू दिले नाही. पोलादासारखे व्हावे, म्हणजे जग मोडू शकत नाही, हे तिचे तत्त्वज्ञान. त्याचा परिणाम असा की तिची सर्व अपत्ये कोठे ना कोठे मोडलेली आहेत : एक भित्रा, एक गुंड, एकीचा श्वास बोलता बोलता अडतो, आणि बेला ही वयाने प्रौढ पण बुद्धीने बालिका राहिली आहे. बेला भोजनोत्तर सर्वांना बसवून आपला विवाहाचा विचार सांगू पाहते, तो प्रवेश या नाटकाचा कळस होय. कोण कोठे बसावे यावरून आरंभी हशा पिकतो. हळूहळू तो विरतो, आणि ममतेसाठी आसुसलेल्या स्त्रीचा आक्रोश ऐकून प्रेक्षागृह स्तब्ध होते. पहिले तंत्र टाकून देऊन सायमनने हे साधले, असे मानणे चूक ठरेल. माणसे खुर्च्यांवर बसवण्याचा जो खेळ त्याने सिड सीझरच्या खोलीत शिकला, तोच येथे कामास आला आहे.

यावरून आमचा निष्कर्ष स्पष्ट होईल. सायमन प्रथम हलका होता व मग गंभीर झाला, ही कथा अपुरी आहे. गांभीर्य पहिल्यापासून होते. ते हशाच्या पोटात होते. उत्तरकाळात ते वर आले, तेव्हा टीकाकारांना दिसले. जे वर आल्याशिवाय दिसत नाही, त्याबद्दल लेखकाला नव्हे, पाहणाऱ्याला जबाब विचारला पाहिजे. त्याच्या तीसहून अधिक नाटकांपैकी बरीचशी काळाच्या ओघात गळून जातील, यात शंका नाही. २००९ साली ‘ब्रायटन बीच मेम्वार्स’ ब्रॉडवेवर पुन्हा सादर झाले, ते एका आठवड्यात बंद पडले. त्यावरून सायमनचा काळ संपला असे काहींनी म्हटले. आमच्या मते ज्या नाटकांत कोटी हीच वस्तू आहे त्यांचा काळ संपेल. ज्यांत कोटी ही माणसाची ढाल आहे, ती टिकतील. प्रयोगांच्या संख्येवरून नाटक थोर ठरत नाही, हे खरे. पण प्रयोग थांबल्यामुळे ते क्षुद्र ठरते असेही नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेक जण शिक्षक आहेत, आणि कित्येकांच्या गावी हौशी नाट्यसंस्थांची परंपरा आहे. परदेशी सुखात्मिका आपलीशी करण्याची मराठीची रीत जुनी आहे. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मोलिएरच्या मूळ कल्पनेवरून इंग्रजीच्या मार्गाने आले, अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ ब्रँडन थॉमसच्या ‘चार्लीज् आंट’ वरून आली, आणि गोगोलच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘अंमलदार’ रचले. या सर्व उदाहरणांत मूळच्या कोट्या मागेच राहिल्या. आली ती माणसांच्या परस्परसंबंधांची रचना. विनोदी नाटकात प्रवास करण्याजोगे काय असते, याची ही कसोटी होय. या कसोटीला सायमनचा न दिसणारा जिना, खिडकीपाशी दचकणारे मित्र आणि छातीत खुपसले जाणारे बोट ही उतरतात. त्याची निम्मीअधिक चमकदार वाक्ये उतरत नाहीत.

वर्गात शोकनाट्य शिकवताना आपण विद्यार्थ्यांना विचारतो की नायकाचा अधःपात कोणत्या क्षणी सुरू झाला. तितक्याच साक्षेपाने विनोदी नाटक शिकवताना, येथे आपण का हसलो, आणि हसताना कोणाच्या कोणत्या भयावर हसलो, असे विचारावयास हरकत नाही. हा प्रश्न विचारला जाईल तेव्हा कोणता विनोद पोकळ आणि कोणता भरीव हे विद्यार्थी स्वतःच ओळखू लागतील, आणि विनोदी नाटककाराला मान मिळण्यासाठी त्याने अखेर रडवलेच पाहिजे, अशी अट घालण्याचे आपल्यालाही कारण उरणार नाही.